छातीच्या फोटोतला प्रत्येक डाग टीबीचा नसतो

वस्तीत कुणाचा खोकला लांबला की पहिली शंका टीबीची येते, आणि ती यायलाच हवी. दाटीची घरे, कोंदट खोल्या, अपुरे खाणे असेल तिथे टीबी आजही आहे. पण छातीच्या फोटोत काही दिसले म्हणजे टीबीच, असे नसते. या वेळी आपण थायमस ग्रंथीच्या कर्करोगाची माहिती घेऊ. दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक ते तीन जणांना होणारा हा आजार. इतक्या दुर्मिळ आजाराची माहिती आपल्याला कशाला, असे कुणी विचारेल. दुर्मिळ आजार ओळखायलाच उशीर होतो, आणि हातावर पोट असलेल्या घराला तो उशीर फार महाग पडतो, म्हणून.

थायमस म्हणजे काय?

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर आणि पुढे ही मऊ ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी इथे तयार होतात. आपले कोण आणि परके कोण, हे त्या इथेच शिकतात. १९६१ साली जॅक मिलर या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून या ग्रंथीचे काम दाखवून दिले. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आक्रसते आणि तिच्या जागी चरबी साठते. म्हणून तान्ह्या बाळाच्या फोटोत ती मोठी दिसली तर घाबरू नये. मोठ्या माणसाच्या त्याच जागी गाठ दिसली, तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

या गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या. थायमोमा बहुधा हळू वाढतो. थायमिक कार्सिनोमा त्याहून दुर्मिळ, पण लवकर पसरणारा. दोन्ही बहुतेक चाळिशीनंतर दिसतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे काही कारण नाही.

खुणा कोणत्या?

अनेकांना काहीच त्रास होत नाही, दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या फोटोत गाठ सापडते. गाठ वाढली की खोकला, छातीत जडपणा, दम लागणे, आवाज बसणे सुरू होते. चेहरा-मान सुजली, छातीवरच्या शिरा फुगल्या आणि वाकल्यावर त्रास वाढला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

दुसरी खूण डोळ्यांत दिसते. थायमोमाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजारही असतो. यात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती नस आणि स्नायू यांच्यातला निरोप अडवते. सकाळी माणूस बरा असतो. संध्याकाळपर्यंत पापण्या मिटतात, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावताना जबडा थकतो, आवाज नाकात जातो, केस विंचरताना हात गळून येतो.

आम्ही वस्तीत काम करताना एक घरकाम करणाऱ्या ताई भेटल्या. त्यांच्या पापण्या पडायच्या, तेव्हा कामाच्या घरी त्यांना झोपाळू म्हणत. दोनदा चष्मा बदलून झाला, शेजारणीने अंगाराही आणून दिला. नसांच्या डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन करायला सांगितला, तेव्हा गाठ कळली. मायस्थेनियाच्या दहा रुग्णांत साधारण एकाला थायमोमा निघतो, म्हणून हे निदान झालेल्या प्रत्येकाने छातीचा सीटी स्कॅन करून घ्यावा.

निदान कसे होते?

टीबीची शंका असेल तर बेडक्याची तपासणी आधी करावी. टीबीचे औषध नियमित घेऊनही दोन महिन्यांत फरक नसेल, तर "पुढची तपासणी करू का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. गाठीची जागा आणि आकार औषध टोचून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये कळतो. सोबत रक्ताच्या तपासण्या होतात. गाठ नीट वेगळी असेल तर तुकडा न घेता सरळ ऑपरेशन होऊ शकते. मोठी किंवा संशयास्पद असेल तर आधी सुईने तुकडा घेतात.

उपचार काय?

मुख्य उपचार ऑपरेशन. छातीचे हाड उघडून किंवा बारीक छिद्रांतून दुर्बिणीने गाठीसह सगळी ग्रंथी काढतात. गाठ पूर्ण निघाली नाही किंवा बाहेर पसरली असेल तर शेक, म्हणजे रेडिएशन देतात. गाठ फार मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करतात. सुरुवातीलाच पूर्ण निघालेल्या थायमोमाचे बहुतेक रुग्ण पुढे अनेक वर्षे चांगले जगतात. मात्र ही गाठ दहा वर्षांनीही परत येऊ शकते, त्यामुळे बरे वाटले तरी तपासणी चुकवू नये.

मायस्थेनिया असेल तर प्रत्येक डॉक्टरला आणि भूल देणाऱ्यांना ते आधी सांगा. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या काही औषधांनी हा आजार बळावतो, आणि यांतली काही औषधे टीबीतही वापरतात. गिळता येईना किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पैसे भरण्याआधी त्यांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. परळचे टाटा रुग्णालय किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय अशा ठिकाणी जाताना सगळे जुने फोटो, सीटी आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका पिशवीत न्या. जुना फोटो शेजारी ठेवला की गाठ किती दिवसांत किती वाढली, हे डॉक्टरांना लगेच कळते. म्हणून घरातला एकही फोटो टाकून देऊ नका.