सहाच्या आत खोलीवर

मुलुंड पूर्व,
७ जून

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल दूध आणायला खाली उतरलो, तर वॉचमनपासून सोमणांपर्यंत सगळ्यांना ठाऊक, की तुला घानाच्या आक्रात लुटलं आणि पासपोर्टही गेला. ठाऊक नव्हतं ते तुझ्या सख्ख्या काकाला. तुझ्या आईने देव पाण्यात घालून ठेवले होते. दुपारी तुझा मेसेज आला तेव्हा उलगडा झाला, की मकोला मार्केटात तुझी छत्री हरवली, बस्स. छत्रीचा पासपोर्ट आपल्याच जिन्यात झाला असणार.

ते जाऊ दे. चोरांची धास्ती मी घेतलेली नाही. पण मग तन्वीने तुझा व्हिडिओ दाखवला आणि माझं डोकं फिरलं. जेम्सटाउनकडून ओसूला निघालेली तू, दिवेलागण झालेली, घोट्याच्या वर पाणी, कानात ती बोंडं, आणि वर खिदळतेस! अगं, कुणाची पुतणी आहेस तू? ज्याने उभी नोकरी मुंबईच्या गटारांत काढली, त्याची.

तुझी आई माणसांना घाबरते. मी तुझ्या पायांखाली काय आहे त्याला घाबरतो. तिथली गटारं रस्त्याच्या कडेने उघडी वाहतात, दुकानापुढे तेवढी काँक्रीटची लादी टाकलेली, हे तुझ्याच फोटोंत दिसलं. त्यातल्या दोन लाद्यांमध्ये माणूस जाईल एवढी फट होती. कोरड्यात ती दिसते. पाणी भरलं की रस्ता आणि गटार एकच. लोक म्हणतात, भोवरा दिसला की समजावं खाली भोक आहे. अर्धवट खरं आहे ते. पाणी खाली ओढलं जात असेल तोवर भोवरा. खालची वाहिनी तुडुंब भरली की वरचं पाणी आरशासारखं सपाट होतं, आणि तिथेच घात होतो. २९ ऑगस्ट २०१७ला परळ भागात एक नामवंत डॉक्टर असेच उघड्या मॅनहोलमध्ये गेले. २५ सप्टेंबर २०२४ला आपल्या अंधेरीत, सीप्झजवळ, एक बाई. दोघंही इथलीच, रस्ते पायाखालचे. तू तर त्या शहरात कालची पाहुणी.

आणि आक्राचा जून म्हणजे ऐन पावसाचा. आपली मिठी नदी तशी त्यांची ओडॉ, शहराचा सगळा कचरा पोटात घेऊन कोर्ले खाडीला मिळणारी. त्यात पिण्याच्या पाण्याच्या प्लास्टिक पिशव्यांनी गटारं बुजलेली. ३ जून २०१५ला ती गटारं तुंबली. ट्रो-ट्रोचा, म्हणजे तिथल्या मिनिबसचा, पोरगा दारात लटकून 'सर्क, सर्क' ओरडतो ना, त्याच सर्कलपाशी पावसाच्या आडोशाला माणसं पेट्रोल पंपावर उभी होती. पंपाने पेट घेतला. पूर आणि आग मिळून दीडशेहून अधिक माणसं गेली. आपण २६ जुलैचा पूर पाहिलाय. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता आणि तुझे बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले होते. तू लहान होतीस, तुला वाटलं बाबांनी तुझ्यासाठी सुट्टी घेतली.

आणखी एक. विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि बघता बघता काळोख होतो, बारा महिने तसंच. जूनमध्ये सात वाजले तरी उजेड असण्याची मुंबईकरांना सवय. ती सवय इथे ठेवून जायला हवी होती. म्हणून सांगतो, सहाच्या आत खोलीवर. पाऊस लागला तर असशील तिथे थांब, पाणी ओसरू दे. चालावंच लागलं तर कडेने नाही.

वाचताना तुझं नाक फुगलं असणार. काका हुकूम सोडतोय म्हणून. पण तू परत ये, असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. तो हक्क मला नाही. १९७८ साली नायजेरियात तेलाचा पैसा वाहत होता आणि आपल्याकडून मास्तर, इंजिनीअर तिकडे जात होते. मलाही लागोसचं पत्र आलं होतं, साइट इंजिनीअर म्हणून. पासपोर्ट काढला. तुझ्या आजीने दोन दिवस अन्न सोडलं, म्हणाली, 'काळ्या समुद्रापार गेलेला परत येत नाही.' मी राहिलो. आजीवर राग नाही धरला कधी, पण तो पासपोर्ट मुदत संपली तरी टाकवला नाही. कपाटात आहे, एकही शिक्का नसलेला. तुझ्या काकूने विचारलं तर मी म्हणतो, राहू दे, जागा खात नाही.

तेव्हा तू फीर. भरपूर फीर, पण दिवसा. माणसांना विचारत जा. बाजारातल्या बायकांना आधी नमस्कार-चमत्कार, मग भाव, आणि पैसे उजव्या हातानेच द्यायचे. आपल्याच घरातली शिस्त, तुला जड जायची नाही. पोलिसांचे फोटो काढू नकोस. जेम्सटाउनच्या दीपगृहावर चढायला देत असतील तर चढ. मूळचं १८७१चं, आताचं १९३०च्या दशकात बांधलेलं. वरून होड्या कशा दिसतात, कोळीवाड्याचं पाणी कुठून समुद्रात उतरतं, सविस्तर लिही. दोन ओळींचा मेसेज नको, मला पत्र हवं.

त्या चपला आधी फेकून दे. ओल्या लादीवर अंगठा धरत नाही त्यांचा. मागे पट्टा असलेले सँडल घे, रबरी तळव्याचे, आणि छत्री लांब दांड्याची, म्हणजे पुढचं पाणी चाचपता येईल. पैसे मी पाठवतो, आईला सांगायचं नाही. तिथे कुणी तुला मंगळवारची म्हणून अबेना म्हणतं ते वाचून हसलो. मंगळवारचीच तू, अंगारकी होती, हॉस्पिटलात मीच मोदक वाटले होते.

खोलीवर पोचलीस की फोन कर. तुझे सहा म्हणजे इथले साडेअकरा. मी जागाच असतो, झोप येत नाही असं नाही, पण तू तिकडे आहेस तोवर टीव्ही चालू ठेवतो.

तुझा,
अण्णाकाका