पिकअपचा पुढचा शॉकअप : आधी दोष ओळखा, मग पाना उचला



या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून गाडीचा विषय घेत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आता पिकअप उभी असते. रोपे, बेणे, खताची पोती, दुधाचे कॅन, भाजीपाला, सगळा भार तिच्यावरच. हंगामात रस्त्यांची काय दशा होते ते तुम्हांला आम्ही वेगळे सांगायला नको. अशा रस्त्यावर मार खातो तो पुढचा शॉकअब्सॉर्बर, म्हणजे आपल्या बोलीतला शॉकअप. तो गेला की आपण गॅरेजला जातो, नवा टाकतो आणि विसरून जातो. पण तेवढ्याने दर वेळी भागत नाही. हे आम्ही स्वतः चुकून शिकलो, म्हणून आधी आमचीच चूक सांगतो.

आमची चूक

२०२३-२४ च्या गळीत हंगामात शेतकी खात्याच्या पिकअपचा पुढचा डावा शॉकअप तेल गाळू लागला. आम्ही तेवढाच एक बदलला. दीड महिन्यात नवाही गळू लागला. ‘माल बोगस निघाला’ असे म्हणून आम्ही आणखी एक टाकला. ड्रायव्हर सांगत होता की खड्ड्यात गाडी आदळते, धाडकन आवाज येतो. आम्ही म्हणालो, ‘गाडी हळू चालव.’

मग एके दिवशी सांजवेळी गेटकडे येताना पुढे अचानक बैलगाडी आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडीचे नाक खाली गेले, खडबडीत रस्त्यावर पुढचे चाक उड्या मारत राहिले आणि गाडी बैलगाडीपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. माणसाला, बैलांना काही झाले नाही. पण त्या रात्री आम्हांला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी वाहन विभागातल्या जुन्या फिटरला बोलावले. त्यांनी दहा मिनिटे पान्याला हातच लावला नाही. सपाट जागेवर गाडी उभी करून टेपने दोन्ही बाजूंची उंची मोजली. डावी बाजू चांगली दोन बोटे खाली होती. खाली वाकून पाहिले, तर डावीकडचा दुसरा पाटा तुटलेला आणि चेसिसखालचा रबरी ठोकळा केव्हाच गळून पडलेला. पाटा तुटल्यामुळे एक्सल जास्त वर येत होता, त्याला अडवायला ठोकळा नव्हता, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा शेवटचा दणका शॉकअपला बसत होता. फिटर एवढेच म्हणाले, “साहेब, शॉकअप मरत न्हाई, आपण मारतोय.” गाडी डावीकडे कलली होती. रोज डोळ्यांसमोर होती, पण पाहिले कोणीच नव्हते.

शॉकअपचे काम काय ?

पुष्कळांचा समज असतो की गाडीचे वजन शॉकअप पेलतो. ते खरे नाही. वजन पेलतात पाटे. काही गाड्यांत पुढे पाट्यांऐवजी गोल स्प्रिंग किंवा पिळाची दांडी, म्हणजे टॉर्शन बार असतो. शॉकअपचे काम वेगळे आहे. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. हात लावून धरला तर लगेच थांबतो. स्प्रिंग म्हणजे झोपाळा आणि शॉकअप म्हणजे तो हात.

शॉकअपच्या नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाला दट्ट्या. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल जोराने इकडून तिकडे जाते, त्या विरोधाने झोका मोडतो. झोक्याची शक्ती उष्णता बनून बाहेर पडते, म्हणून चालता शॉकअप गरम होतो. तेल गेले की विरोध संपला. मग टायर रस्ता सोडून उडू लागतो आणि उडालेल्या टायरला ना ब्रेक धरतो, ना स्टेअरिंग ऐकते.

तपासणी कशी करावी ?

१) उंची मोजा. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू खाली असेल तर दोष बहुधा पाट्याचा किंवा स्प्रिंगचा असतो. नुसता शॉकअप बदलून ती उंची परत येणार नाही.

२) तेल पाहा. नळीवर धुळीचा पातळ ओलसर थर असेल तर घाबरू नका. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील किंवा थेंब पडत असतील तर शॉकअप गेला. नळीला पोचा, दांड्याला बाक किंवा चरे दिसले तरीही तो बदलावाच लागेल.

३) दाबून पाहा. पुढचा कोपरा जोर लावून दोन-तीनदा दाबा आणि सोडा. गाडी एक-दीड हेलकाव्यात स्थिर झाली पाहिजे. मात्र पाट्यांच्या गाडीत पाटे एकमेकांवर घासूनही झोका थांबतो, म्हणून एवढ्यावरून शॉकअप चांगलाच आहे असे समजू नये.

४) टायरवरून हात फिरवा. जागोजागी खोलगट खड्डे पडल्यासारखी झीज लागली तर टायर उडत असल्याची ती खूण आहे. चाकाचे बॅलन्सिंग बिघडल्यानेही असे होते, तेही तपासून घ्या.

५) आवाजाचा शोध घ्या. खडखड आवाज दर वेळी शॉकअपचाच नसतो. शॉकअपचे वरचे-खालचे रबरी बुश, ढिला नट, यू-बोल्ट, बॉल जॉइंट, टाय रॉड हे सगळे हलवून पाहा. कित्येकदा बुश बदलून काम भागते.

६) उष्णता पाहा. खराब रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून थांबा आणि दोन्ही शॉकअपच्या नळ्यांजवळ जपून हात न्या. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला काम करत नाही असे समजा. ब्रेकचा ड्रम, डिस्क आणि सायलेन्सर तापलेले असतात, त्यांना हात लागू देऊ नका.

बदलताना घ्यायची काळजी

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. गाडी सपाट, टणक जागी उभी करून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे ढिले करा. उचलल्यावर चेसिसखाली लोखंडी घोडी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

बोल्ट काढण्यापूर्वी एक्सलला किंवा खालच्या आर्मला दुसऱ्या जॅकचा आधार द्या. काही गाड्यांत शॉकअपच त्या आर्मला खाली जाण्यापासून अडवत असतो. तो सुटला की आर्म दाणकन खाली येतो. ज्या गाडीत गोल स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडणीत बसवलेले असतात, तिथे मात्र घरी हात घालू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. ते काम योग्य साधन असलेल्या गॅरेजचेच.

काढलेला शॉकअप उभा धरून सावकाश ओढा आणि दाबा. सगळीकडे सारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच मोकळा गेला तर तो संपला. नवा शॉकअप आडवा ठेवलेला असतो, म्हणून बसवण्यापूर्वी तोही उभा धरून चार-पाचदा ओढ-दाब करा, म्हणजे आतली हवा निघून जाते. दांडा पकडीने धरू नका. एक चरा पडला तरी सील कापले जाते आणि तेल गळू लागते.

बुशच्या बोल्टांची शेवटची कस गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावर द्या. गाडी हवेत असताना कसले तर रबर पिळलेल्या स्थितीत बसते आणि लवकर फाटते. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा.

दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदमच बदला. एक नवा आणि एक थकलेला असला की खड्ड्यात आणि ब्रेक लावताना दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात. आणि जुना शॉकअप फोडून, तेल भरून, वेल्डिंग करून देतो असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. बंद नळीत तेल असते, काहींत दाबाखाली वायूही असतो. त्याला ज्योत दाखवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

शेवटी एकच

आमच्या गाडीला पाटा आणि रबरी ठोकळे नवे बसवले, पुढचे दोन्ही शॉकअप एकदम बदलले. त्यानंतरचा सबंध हंगाम त्यांतला एकही गळला नाही. आधीच्या दोन शॉकअपचे पैसे मात्र पाण्यात गेले आणि ड्रायव्हरचे म्हणणे आम्ही ऐकले नाही याची रुखरुख राहिली ती राहिलीच. म्हणून सभासदांना विनंती आहे की एकच भाग पुन्हा पुन्हा जात असेल तर त्या भागाला दोष देण्याआधी त्याच्या शेजारी काय तुटले आहे ते पाहा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नका. गाडी चालवणारा, मग तो ड्रायव्हर असो की घरचा मुलगा, ‘गाडी आदळते’ म्हणाला तर त्याच दिवशी वाकून खाली पाहा. हंगामात आपल्या रस्त्यावर पुढे बैलगाडी असतेच.