जालन्याहून घोंगडी आणणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला येणार असाल तर घोंगडीचं पहिलं काम विमानतळावरच असतं. लोकरीची वस्तू बरोबर आहे हे प्रवेशाच्या अर्जात लिहा. लपवलीत तर दंड होऊ शकतो. अधिकाऱ्यांना लोकरीशी वैर नाही, ते माती, बी आणि गवत शोधतात. दख्खनी मेंढरं अंबड-भोकरदनकडच्या माळावर चरलेली, त्यामुळे कुसळं लोकरीत राहतातच. निघायच्या आधी भर उन्हात घोंगडी झटका आणि काड्या हाताने वेचून काढा.

धुवायची कशी, हे परदेशात आलेलं प्रत्येक नवं कुटुंब विचारतं. आमचं सगळ्यांचं उत्तर एकच: शक्यतो धुवूच नका. माग लावताना ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. नव्या घोंगडीचा कडकपणा त्या खळीचाच. वारंवार धुतली की खळ निघून जाते आणि घोंगडी लुळी पडते. धूळ काढायला उलटी टाकून काठीने झोडपावी, नाहीतर दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम फिरवावा. फिरता ब्रश मात्र बंद ठेवा, दशा ओढल्या जातात.

मशीनचा मोह टाळा. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडी आटून नमद्यासारखी घट्ट होते, आणि ती परत सैल होत नाही. ड्रायर तर त्याहून वाईट. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि लोकर हे प्रथिनच. क्लोरीनचं ब्लीच तर तिला विरघळवतं.

काही सांडलं तर लगेच कोरड्या सुती फडक्याने टिपा, चोळू नका. मग गार पाणी. हळदीच्या डागावर साबण लावलात तर तो लाल होतो, हे आईकडून ऐकलेलं इथेही खरंच आहे. ओलसर करून उन्हात ठेवला की तो फिकटतो. धुवायचीच वेळ आली तर बाथटबमध्ये गार पाणी, रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण वापरा. काळी लोकर बहुधा नैसर्गिक रंगाची असते, ती रंग सोडत नाही. रंगीत काठ असेल तर ओल्या पांढऱ्या कापडाने आधी पारखा. पिळू नका. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवी वाळवा. ओली घोंगडी जड असते, दोरीवर लोंबती ठेवली तर ताणून वेडीवाकडी होते.

जालन्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तासभर ऊन दिलं की काम भागतं. लंडनच्या नोव्हेंबरात ते कुठून आणायचं? कॅनडातल्या घरांची युक्ती आम्हाला फार आवडली. कडाक्याच्या थंडीत, भुसभुशीत ताजा बर्फ पडलेला असताना, घोंगडी आधी बाहेर ठेवून गार करायची, मग बर्फावर उलटी पसरून झोडपायची. खालचा बर्फ काळा पडतो. झटकून आत घेतली की झालं. ओल्या बर्फात हे करू नका.

खरा शत्रू कसर. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला काळोख, शांतता आणि घामाचे डाग आवडतात. म्हणजे पलंगाखाली वर्षभर पडलेली घोंगडी तिला आयतीच. महिन्यातून एकदा उलगडा. कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण कसर लागलीच असेल तर त्यावर विसंबू नका. घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा (त्यासाठी आधी पुरणपोळ्या संपवाव्या लागतील). बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गारव्याने ओल धरते.

लाकडी फरशीवर अंथरणार असाल तर खाली न घसरणारी जाळी घाला. आणि विकत घेतानाच विणकराकडून त्याच लोकरीचं थोडं सूत मागून घ्या. भोक पडलं तर रफू करायला जुळणारी काळी लोकर इथल्या दुकानात सहसा मिळत नाही.