सूर्यामागे वळणारे सौर पटल : एक कृतिपाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी)

खेड्यापाड्यांतून वीज पोहोचली असली, तरी ती गेल्यावर मुलांच्या अभ्यासाचा दिवा पुष्कळ घरी एका लहानशा सौर पटलावरच चालतो. लोक यास 'सोलरची प्लेट' म्हणतात. एकदा बसविलेली ही प्लेट बहुधा जन्मभर तशीच राहते. सूर्य मात्र तासास १५ अंश या गतीने पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतो. किरण पटलावर लंब पडले असता मिळणारा प्रकाश १०० मानला, तर ते लंबापासून ४५ अंश कलल्यावर ७१ व ६० अंश कलल्यावर ५० च उरतो. असे का व्हावे, हे सांगत बसण्यापेक्षा वर्ग थोडा अंधारा करून बॅटरीचा झोत चौकटीच्या वहीवर आधी सरळ व मग तिरपा पाडून दाखवावा. तिरप्या झोताने व्यापलेली घरे मुलांनी मोजली, की उतरलेल्या तेजाचे कारण त्यांचे त्यांनाच उमजते.

दक्षिणेकडे तोंड करून बसविलेल्या पटलाचे सकाळी ८ च्या व दुपारी ४ च्या सुमारास असेच नुकसान होत असते. ते टाळण्यासाठी बाजारात मोटारीने वळणाऱ्या बैठकी मिळतात. पण एका लहान पटलासाठी मोटार, तिचे दाते व तिची दुरुस्ती यांवर खर्च करण्यापेक्षा दुसरे पटल घेणे अधिक शहाणपणाचे. पटले आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाली आहेत. हाताने वळविण्याच्या बैठकीस मात्र हा आक्षेप लागू नाही, कारण तिला भंगारातील नळी व चार लाकडे पुरतात.

या बैठकीचे सारे मर्म तिच्या आसात आहे. आस पृथ्वीच्या आसाशी समांतर, म्हणजे वरचे टोक ध्रुवताऱ्याकडे करून ठेवला, तर पटलास दिवसभरात एकाच दिशेने वळवावे लागते. वळविण्याचे काम अखंड करण्याचीही गरज नाही. पूर्वेकडे ४५ अंश, मध्य आणि पश्चिमेकडे ४५ अंश अशा तीनच खाचा ठेवल्या, तर दिवसाचे मधले नऊ तास पटल सूर्याच्या दैनिक गतीपासून २२.५ अंशांहून अधिक चुकत नाही. त्या टोकाच्या क्षणीही १०० पैकी ९२ प्रकाश हाती राहतो. सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनामुळे होणारा फरक जास्तीत जास्त २३.५ अंशांचा, म्हणजे तेवढाच किरकोळ असल्याने त्यासाठी वेगळी सोय करू नये. निरभ्र दिवशी या साध्या वळविण्याने सहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकी वीज वाढावी.

साहित्य पुढीलप्रमाणे जमवावे : सुमारे सव्वा मीटर लांबीची पाऊण इंची पाण्याची जुनी नळी, दोन लाकडी खांब, नळी सैलसर फिरेल अशी भोके पाडलेले लाकडाचे दोन ठोकळे, अर्धवर्तुळाकार फळी, प्लंबरकडील क्लॅम्प, एक मजबूत खुंटी आणि ४० वॅटपर्यंतचे पटल. घरांच्या छपरावर बसवितात ती मोठी पटले वीस किलोंहून जड असतात. ती या बैठकीवर कदापि चढवू नयेत.

खांब दक्षिणोत्तर रेषेवर एकमेकांपासून १ मीटर अंतरावर रोवावेत. उत्तरेचा खांब दक्षिणेच्या खांबाहून कोल्हापुराकडे ३०, पुण्यास ३३, नाशिकला ३६ व नागपुराकडे ३९ सेंटिमीटर उंच असावा. हे आकडे त्या त्या ठिकाणच्या अक्षांशावरून आले आहेत; आपल्या गावाचा अक्षांश नकाशात पाहून मुलांनी प्रमाणबद्ध आकृती काढावी व उंची स्वतः मोजावी.

उत्तर दिशा होकायंत्राने ठरविण्याचा मोह होतो. जवळ लोखंडी नळी वा खिडकीचे गज असले, की त्याची सुई फसते. त्यापेक्षा शुल्बसूत्रांत व सूर्यसिद्धान्तात सांगितलेली शंकूची रीत उत्तम. सपाट जमिनीवर ओळंबा लावून काठी उभी करावी व तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळास जेथे आत शिरताना टेकते आणि दुपारनंतर जेथे बाहेर पडताना टेकते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला लंब ती दक्षिणोत्तर. बैठक उभी राहिल्यावर रात्री एखाद्या पालकासह मुलांना बोलवावे. नळीच्या खालच्या तोंडास डोळा लावला असता वरच्या तोंडात ध्रुवतारा दिसला, म्हणजे काम बिनचूक झाले. पाठ्यपुस्तकातील अक्षांश मुलांस त्या रात्री जसा कळतो, तसा फळ्यावरील आकृतीने कळणे कठीण.

पटलाच्या चौकटीस मुळातच असलेल्या भोकांतून क्लॅम्प बसवावेत. नवी भोके पाडू नयेत. अर्धवर्तुळाकार फळी आसावर घट्ट करून खालच्या ठोकळ्यास वरच्या अंगाने टेकवावी, म्हणजे आस उतारावरून घसरत नाही. तिच्या कडेस ४५ अंशांवर तीन भोके पाडून त्यांतून खुंटी ठोकळ्यात जाईल अशी योजना करावी. काटकोनात कापलेला कागद मधोमध दुमडला की ४५ अंश मिळतात. कोनमापक नसला तरी अडत नाही.

वळविण्याच्या वेळा घड्याळी बाराच्या हिशेबाने धरल्यास चूक होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुणे सुमारे ७४ अंशांवर. दर अंशास ४ मिनिटे याप्रमाणे पुण्याची माध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटांनी होते, नागपुराची त्याच्या वीस मिनिटे आधी. म्हणून पश्चिम महाराष्ट्रात पहिले वळण ११ च्या सुमारास व दुसरे २ च्या सुमारास द्यावे. सायंकाळी पटल पुन्हा पूर्वेच्या खाचेत आणून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या दिवशीची कोवळी उन्हे वाया जातात. घरी हे काम आजी-आजोबांकडे सोपविता येते.

वायर जोडताना पटलावर जाड कापड टाकावे, आणि बॅटरीचे धन व ऋण टोक एकमेकांस टेकू देऊ नये. वायरीस वळणापुरती सैल गुंडाळी ठेवावी. बैठक अंगणातच असावी; मुलांस छपरावर चढवू नये. सूर्याकडे कोणी सरळ पाहू नये. झाडाची एक फांदी पटलाच्या कोपऱ्यावर सावली धरू लागली, तरी साऱ्या पटलाची वीज बरीच उतरते, हेही ध्यानी असावे.

वळवाच्या वावटळीची चिन्हे दिसताच खुंटी मधल्या भोकात घालून पटल दोरीने दोन्ही खांबांस जखडावे. पावसाळ्यात प्रकाश ढगांतून सर्व बाजूंनी येतो, त्यामुळे वळविण्याचा लाभ जवळजवळ राहत नाही. ते महिने पटल तसेच बांधलेले ठेवावे आणि आभाळ मोकळे झाल्यावर ठोकळ्यांस तेल देऊन पुन्हा फिरते करावे.