तडा जाण्यापूर्वी : अणुभट्टीतील धातूच्या पृष्ठभागाची काळजी

तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु अशी केंद्रे वर्षानुवर्षे सुरक्षित कशी ठेवली जातात, हा इतिहासही अभ्यासण्याजोगा आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ‘उकळत्या पाण्याच्या’ प्रकारातील आहेत. या प्रकारात भट्टीच्या पात्रातच पाण्याची वाफ होते. पात्रातील पाण्याचे तापमान सुमारे २८० अंश सेल्सिअस असते आणि किरणोत्सर्गामुळे पाण्याचे विघटन होऊन त्यात ऑक्सिजन मिसळतो. एरवी न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीललाही अशा पाण्यात बारीक तडे जाऊ शकतात. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : तडा जाऊ शकेल असा धातू, क्षरण घडवणारे पाणी आणि धातूला ओढणारा ताण. यांपैकी एक जरी दूर केली, तरी तडा टळतो.

१९७० च्या दशकात अनेक देशांतील अशा भट्ट्यांच्या नळांना वेल्डिंगच्या सांध्यांजवळ तडे आढळले. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादातील कार्बन क्रोमियमशी संयोग पावतो, त्यामुळे धातुकणांच्या सीमेवर क्रोमियम कमी पडते आणि तेथील संरक्षण दुबळे होते, असे कारण निष्पन्न झाले. म्हणून कमी कार्बनचे पोलाद वापरात आले आणि प्रश्न सुटला असे वाटले. पुढे जपानमध्ये या सुधारित पोलादाच्या भागांनाही तडे गेलेले दिसले. त्यांची सुरुवात यंत्रकाम व ग्राइंडिंगमुळे कठीण झालेल्या पातळ वरच्या थरात होत होती. ग्राइंडिंगने तापलेला वरचा थर थंड होताना आकसू पाहतो. खालचा धातू त्याला आकसू देत नाही आणि पृष्ठभागात ओढीचा ताण कायमचा राहून जातो.

यावरील उपायाचे तत्त्व आपल्या तांबटांना जुने परिचित आहे. तांब्याचे भांडे मठारले की ते कणखर होते. ठोके बसलेला वरचा थर पसरू पाहतो, खालचा धातू त्याला आवळून धरतो. परिणामी पृष्ठभाग दाबाखाली राहतो. ओढीने तड्याचे तोंड उघडते, दाबाने ते मिटलेले राहते. याच प्रक्रियेला अभियांत्रिकीत ‘पीनिंग’ म्हणतात. एका पद्धतीत पाण्याच्या वेगवान झोताने निर्माण झालेले बुडबुडे धातूजवळ फुटतात आणि त्यांचे आघात हातोडीचे काम करतात. दुसऱ्या पद्धतीत पाण्याखालील पृष्ठभागावर लेसरचे स्पंद सोडतात. क्षणमात्र निर्माण होणाऱ्या प्लाझ्माच्या प्रचंड दाबाने सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंत धातू दाबाखाली येतो. जपानमध्ये १९९९ पासून ही पद्धत भट्टीच्या अंतर्भागात वापरली गेली.

मात्र पीनिंग हा प्रतिबंध आहे, चिकित्सा नव्हे. आधीच खोल गेलेला तडा त्याने बुजत नाही. म्हणून प्रथम तपासणी, मग प्रक्रिया, आणि प्रामाणिक नोंद, हा क्रम अटळ ठरतो. नोंद प्रामाणिक नसेल तर काय होते, हेही जपानने पाहिले. तेथील टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने तड्यांच्या तपासणीच्या नोंदींत फेरफार केल्याचे ऑगस्ट २००२ मध्ये उघड झाले. तपासणीचे काम केलेल्या एका तंत्रज्ञाने शासनाला कळवल्यामुळे चौकशीला तोंड फुटले होते. कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि एप्रिल २००३ पर्यंत तिच्या सर्व १७ भट्ट्या तपासणीसाठी बंद झाल्या. धातूला गेलेले तडे दुरुस्त करता आले. जनतेचा उडालेला विश्वास परत मिळवणे अधिक कठीण गेले.

या इतिहासातून आपल्या मुलामुलींनी दोन गोष्टी घ्याव्यात. ग्राइंडर चालवणाऱ्या कामगाराच्या हातावरही भट्टीचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून आयटीआयमध्ये शिकणारा विद्यार्थी अभियंत्यापेक्षा कमी महत्त्वाचा मानू नये. आणि दोष दिसला की तो लिहून ठेवावा, वरिष्ठांना रुचो वा न रुचो. झाकलेला तडा वाढतच असतो.