मिसळणे, कालवणे, ढवळणे : इंग्रजी शब्दांचा एक पाठ



इंग्रजीच्या प्राथमिक वाचनात ‘मिक्स’ हे क्रियापद लवकरच भेटते. ते आले की फळ्यावर ‘मिक्स म्हणजे मिसळणे’ असे लिहावे, मुलांकडून पाच वेळा म्हणवून घ्यावे आणि पुढील शब्दाकडे वळावे, असा आपला सर्वसाधारण परिपाठ असतो. प्रस्तुत लेखकानेही तो अनेक वर्षे पाळला. एके वर्षी चौथीतील एका मुलीने वहीत ‘मिक्स’चा अर्थ ‘कालवणे’ असा लिहिला. मी त्यावर तांबडी रेघ ओढून ‘मिश्रण करणे’ अशी दुरुस्ती केली. मुलीने वही मिटली, आणि त्या वर्षात इंग्रजीच्या तासाला तिने पुन्हा आपण होऊन हात वर केला नाही. वस्तुतः तिचे उत्तर बरोबर होते. भातात आमटी घालून जे करतात त्याला तिच्या घरी कालवणे म्हणत, आणि इंग्रज मनुष्यही त्या क्रियेला मिक्स असेच म्हणेल. चूक माझी होती. परंतु ती नेमकी कोठे होती हे ध्यानात येण्यास मला बराच काळ लागला.

खेड्यातील मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा मिसळण्याच्या क्रियांचे एक समृद्ध शब्दभांडार त्याच्याजवळ तयार असते. गव्हात हरभरा मिसळतात. भात कालवतात, गवंडीही वाळू, सिमेंट व पाणी एकत्र करून माल कालवतो. चहातील साखर ढवळतात. कणीक मळतात, आणि पुरणपोळीसाठी ती तिंबतात. शिजलेली डाळ घोटतात, दही घुसळतात, पिठले हाटतात, वैद्य औषध खलतो. दुधात पाणी घालणाऱ्याने काय केले असे विचारले तर पहिलीतील मूलही ‘भेसळ केली’ म्हणून सांगेल. ‘मिश्रण केले’ असे ते कदापि म्हणणार नाही. या शब्दांतील भेद त्याला कोणी शिकविलेले नाहीत. आई कणीक कशी हाताळते व ताक कशी करते हे पाहून ते त्याच्या अंगवळणी पडलेले आहेत. आपण मात्र हे सर्व भांडार दाराबाहेर ठेवतो आणि ‘मिश्रण करणे’ हा एकच ग्रांथिक शब्द त्याच्या हाती देतो.

इंग्रजीतही हे भेद आहेत. ढवळणे म्हणजे ‘स्टर’, मळणे म्हणजे ‘नीड’ (या शब्दाच्या आरंभी लिहिलेला ‘क’ उच्चारावयाचा नसतो, हे प्रथमच सांगावे), घुसळणे म्हणजे ‘चर्न’, फेटणे म्हणजे ‘बीट’ किंवा ‘व्हिस्क’, विरघळणे म्हणजे ‘डिझॉल्व्ह’, पाणी घालून पातळ करणे म्हणजे ‘डायल्यूट’, आणि दोन पदार्थ वेगळे ओळखू येणार नाहीत इतके एकजीव करणे म्हणजे ‘ब्लेंड’. जेथे यांपैकी कोणताच विशेष सांगावयाचा नसतो तेथे ‘मिक्स’ येते. येथे आणखी एक अडचण आपल्या घरांतच शिरली आहे. स्वयंपाकघरातील विजेच्या यंत्रास आपण ‘मिक्सर’ म्हणतो, पण त्यावर चटणी वाटतो व मसाला दळतो. त्यामुळे ‘मिक्स’ म्हणजे वाटणे, असा काही मुलांचा प्रामाणिक समज असतो. त्यांना हसू नये. यंत्राच्या नावावरून त्यांनी काढलेले अनुमान अगदी तर्कशुद्ध आहे.

आपली भाषा व परकी भाषा या दोहोंच्या मांडणीतील फरक नीट दिसावा म्हणून तिसऱ्या एखाद्या भाषेकडे पाहणे उपयोगी पडते. मी डॅनिश भाषा निवडली आहे, आणि त्यास कारण आहे. सुमारे साठ लाख वस्तीच्या डेन्मार्क या लहानशा देशाने इंग्रजीच्या अध्यापनाला एक थोर मार्गदर्शक दिला. ओटो येस्पर्सन (१८६०–१९४३) हे कोपनहेगन विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. परकी भाषा कशी शिकवावी यावरील त्यांचे पुस्तक १९०१ मध्ये डॅनिशमध्ये व १९०४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. एकमेकांशी संबंध नसलेली सुटी वाक्ये व शब्दांच्या याद्या घोकून भाषा येत नाही. अर्थपूर्ण, सलग मजकुरातून व प्रत्यक्ष वापरातून ती येते, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हे अशा मुलांचा विचार करणारा हा शिक्षक होता, म्हणून तो आपल्याला जवळचा वाटावा. पुढे दिलेले डॅनिश शब्द मुलांना शिकविण्यासाठी नाहीत, ते शिक्षकांच्या विचारासाठी आहेत. त्यांचे उच्चार देवनागरीत तंतोतंत उतरत नाहीत, जवळपास उतरतात.

मिसळणे यास डॅनिशमध्ये ‘ब्लॅने’ म्हणतात आणि मिश्रणास ‘ब्लॅनिंग’. लिहिताना यांत ‘ड’ असतो, तो उच्चारात लोपतो. इंग्रजी ‘ब्लेंड’चे हे सख्खे भावंड होय. उत्तरेकडील समुद्रावरून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या भाषेतून तो शब्द इंग्रजीत आला असावा, असे कोशकार मानतात. म्हणजे डेन मुलाला ‘ब्लेंड’ घरचाच वाटतो. आपल्या मुलांना तसा आधार नाही असे कोणी म्हणेल. पण ‘मिक्स’ पाहा. तो लॅटिनमधून इंग्रजीत आला, आणि त्या लॅटिन शब्दाचे व संस्कृत ‘मिश्र’चे मूळ एकच आहे. ‘मिश्र’पासून आपले मिसळणे, मिसळ व सरमिसळ. तेव्हा ‘मिक्स’ हा डेन मुलाच्या ‘ब्लॅने’पेक्षा आपल्या मुलाच्या मिसळीला अधिक जवळचा आहे! अशा नात्यांचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्या पहिल्या पंडितांत रास्मुस रास्क (१७८७–१८३२) हा डॅनिश गृहस्थ होता. तो १८२० मध्ये रशिया व इराणमार्गे मुंबईस पोचला आणि पारशी धर्मग्रंथांची जुनी हस्तलिखिते मिळवून कोपनहेगनला घेऊन गेला.

ढवळणे यास डॅनिश शब्द ‘रोर’. परंतु स्पर्श करणे यासही तोच शब्द चालतो, आणि मन हेलावले तर त्याच धातूचे रूप वापरतात. इंग्रजीतही ‘स्टर’ मनाला लागतो. आपणही मन ढवळून निघाले असे म्हणतोच. मात्र चमचा ढवळणे आणि चमच्याला हात लावणे यांसाठी डेन मुलाला इंग्रजीत दोन वेगळे शब्द निवडावे लागतात, आपल्या मुलाला ती पंचाईत नाही. उलट मळणे व तिंबणे यांतील भेद आपण करतो. इंग्रजीत दोहोंस ‘नीड’ आणि डॅनिशमध्ये दोहोंस ‘एल्ते’. अंडे किंवा साय फेटणे म्हणजे डॅनिशमध्ये ‘पिस्के’, आणि त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ चाबकाने मारणे. इंग्रजी ‘व्हिप’चेही अगदी तसेच आहे.

घुसळण्याचा शब्द ‘केर्ने’, आणि ताक म्हणजे ‘केर्नेमेल्क’, शब्दशः घुसळलेले दूध. डेन्मार्कमध्ये १८८२ साली येडिंग या गावी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पहिले सहकारी दुग्धालय काढले आणि पाहता पाहता देशभर तशी दुग्धालये उभी राहिली. लोणी काढण्याचे काम शेतघरातून उठून यंत्राकडे गेले, पण ताकाच्या नावात घुसळण तशीच राहिली. आपल्याकडेही पुष्कळ मुलांनी रवी फिरताना आता पाहिलेली नसते. शक्य असल्यास वर्गात एकदा रवी आणावी. ‘चर्न’ हा शब्द त्यानंतर पुन्हा शिकवावा लागत नाही.

आता सर्वांत मौजेचा शब्द. दुसऱ्याच्या कामात नको असता हात घालणे यास आपण ‘ढवळाढवळ करणे’ म्हणतो. डेन मनुष्य ‘ब्लॅने साय’ म्हणतो, म्हणजे ‘स्वतःस मिसळणे’. इंग्रजीत ‘मेडल’ हा शब्द आहे. फ्रेंचमधून तो आला तेव्हा त्याचा अर्थही मिसळणे असाच होता, पुढे तो अर्थ लोपला व लुडबुड तेवढी उरली. तीन देशांतील लोकांना एकच गोष्ट सुचली, पण डेनला व इंग्रजाला त्यात मिसळणारा दिसला आणि मराठी माणसाला पळी दिसली. हे उदाहरण मी शिक्षकांच्या एका बैठकीत सांगितले, तेव्हा एका वयोवृद्ध गुरुजींनी इतरांकडे पाहून जे स्मित केले त्याचा अर्थ सर्वांना उमगला.

शास्त्र व गणित या विषयांत मात्र शिथिलता चालत नाही. मीठ पाण्यात विरघळून तयार होते ते द्रावण, इंग्रजीत ‘सोल्यूशन’. उदाहरणाची उकल यासही इंग्रजीत तोच शब्द. डॅनिशमध्ये द्रावण ‘ओप्लोस्निंग’ व उकल ‘लोस्निंग’. दोहोंच्या मुळाशी सुटणे, सैल होणे हीच कल्पना. आपण द्रावण व उकल असे दोन असंबद्ध शब्द वापरतो, म्हणून गणितात ‘सोल्यूशन’ आला की आपले मूल गोंधळते. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू, आणि कासे हा तांबे व कथील यांचा. इंग्रजी ‘अलॉय’ व डॅनिश ‘लेगेरिंग’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी मिसळणे नसून बांधणे आहे. पूर्णांकयुक्त अपूर्णांकास इंग्रजीत ‘मिक्स्ड नंबर’ व डॅनिशमध्ये ‘ब्लॅनेत ताल’, म्हणजे मिसळलेली संख्या. आमचे मूल तर बाजारात जाऊन अडीच व साडेतीन शिकूनच आलेले असते.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आहे, आणि पुष्कळ घरांत इंग्रजी अक्षरे वाचू शकणारे पहिले माणूस म्हणजे आपला विद्यार्थीच असतो. घरात औषधाची बाटली आली की वेष्टनावरील मजकूर त्याच्यापुढे धरला जातो. त्यावर ‘शेक वेल बिफोर यूज’ असे असते. डेन्मार्कमध्ये त्याच जागी ‘ओमरुस्तेस’ लिहितात. हा हुकूम वाया घालविण्यासारखा नाही. काही औषधे द्रवात विरघळलेली नसतात, त्यांचे कण केवळ तरंगत असतात व तळाशी बसतात. बाटली न हलविता दिलेले पहिले चमचे पातळ व शेवटचे चमचे तीव्र ठरतात. जुलाब झालेल्या बाळासाठी मीठ-साखरेची जी पाकिटे मिळतात, ती पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण विरघळवावयाची असतात; पाणी कमी पडले तर द्रावण तीव्र होऊन बाळास अपाय करते. फवारणीच्या काही भुकट्या पाण्यात विरघळत नाहीत, त्या ढवळत राहाव्या लागतात. काही द्रवरूप औषधे सांगितलेल्या प्रमाणात पातळ करावयाची असतात. ‘डिझॉल्व्ह’, ‘स्टर’ व ‘डायल्यूट’ या तिन्हींचा अर्थ ‘मिश्रण करणे’ एवढाच ज्याला शिकविला, तो मुलगा वडिलांना काय वाचून दाखविणार? (शब्द शिकविण्यासाठी फवारणीच्या औषधाची रिकामी बाटलीसुद्धा वर्गात आणू नये. वेष्टनावरील शब्द फळ्यावर उतरून घ्यावेत.)

पाठास साहित्य थोडेच लागते : काचेचे दोन पेले, झाकणाची एक बाटली, चमचा, मीठ, वाळू, गोडे तेल व थोडी कणीक. शिक्षकांनी क्रिया करीत वाक्ये सावकाश म्हणावीत : ‘आय पुट सॉल्ट इन द वॉटर. आय स्टर द वॉटर. द सॉल्ट डिझॉल्व्ह्ज.’ नंतर दुसऱ्या पेल्यात वाळू : ‘आय पुट सँड इन द वॉटर. आय स्टर द वॉटर. द सँड डझ नॉट डिझॉल्व्ह.’ येथे क्षणभर थांबावे. ढवळणे दोन्हीकडे झाले, विरघळणे एकीकडेच झाले, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मराठीत अर्थ सांगण्याची घाई करू नये. मग बाटलीत तेल व पाणी घालून ‘आय शेक द बॉटल’ म्हणावे आणि बाटली मेजावर ठेवून सर्वांनी स्वस्थ बसावे. तेल हळूहळू वर येऊ लागते. माझ्या अनुभवात या वेळी वर्ग जितका शांत असतो तितका एरवी दटावूनही होत नाही. त्यानंतर एकेका मुलाने पुढे येऊन क्रिया करावी व वाक्य म्हणावे. कणीक मळण्यासाठी मुलग्यांनाही बोलवावे.

शब्दांची यादी करावयाचीच असेल तर ती या क्रियांनंतर करावी, आणि प्रथम मुलांच्या शब्दांची करावी. फळ्याचे दोन भाग करून डावीकडे त्यांच्या घरचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. कोकणातील, खानदेशातील व वऱ्हाडातील घरांचे शब्द एकसारखे नसतात, आणि एकाच वर्गात ऊसतोडीवरून आलेल्या कुटुंबाचे मूल आणखी वेगळा शब्द सांगते. तो अशुद्ध म्हणून पुसू नये. मग प्रत्येक शब्दासमोर उजवीकडे इंग्रजी शब्द शोधावा. पुष्कळ ठिकाणी तो मिळेल. काही ठिकाणी दोन मराठी शब्दांना मिळून एकच मिळेल. कोणी ‘पिठले हाटणे’ सांगितले, तर उकळत्या पाण्यात एका हाताने पीठ सोडीत दुसऱ्या हाताने गुठळी न होऊ देता भराभर ढवळणे, एवढे सगळे सांगणारा एक सुटसुटीत इंग्रजी शब्द शिक्षकांनाही सुचणार नाही. तसे मुलांना मोकळेपणाने सांगावे आणि त्या शब्दासमोरची उजवीकडील जागा रिकामीच ठेवावी.