जलसा : समूहाची कला आणि चळवळ

गण, गवळण, बतावणी आणि वग ही तमाशाची अंगे आपल्या परिचयाची आहेत. प्रस्तुत पाठात याच रूपबंधातून उभ्या राहिलेल्या आंबेडकरी जलशाचा विचार करावयाचा आहे.

तमाशा सादर करणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी या जातींतील होते. गावाने त्यांच्या कलेला दाद दिली. कलावंताला मात्र गावकुसाबाहेरच ठेवले. जलशाने हीच कला हाती घेतली आणि तिचे तोंड फिरविले. याची सुरुवात सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) प्रेरणेने निघालेल्या जलशांत झाली. तेथे गणेशस्तवनाच्या जागी निर्मिकाचे स्तवन आले आणि वगातील राजाराणींच्या जागी सावकार, भटजी आणि नाडलेला शेतकरी आले. पुढे १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळात नाशिक परिसरात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा घडविला. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांच्या नावे परंपरेने सांगितले जातात.

जलशाचे खरे सामर्थ्य बतावणीच्या अंगाने आलेल्या सवाल-जबाबात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जुने वळण सोडू न पाहणारा एक आणि सभेहून नवा विचार घेऊन आलेला दुसरा, यांच्या संवादातून मृत मांस सोडणे, मुलांना शाळेत घालणे, नवससायास टाकणे हे विषय येत. प्रेक्षक हसत, ते पुष्कळदा स्वतःलाच. जलशाला निव्वळ प्रचार म्हणून बाजूला सारणारी समीक्षा नेमके हे आत्मपरीक्षण पाहत नाही. एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. तमाशातील शृंगार वगळताना बाईचा मंचावरील वावरही वगळला गेला. स्त्री-भूमिका पुरुषच करीत. ज्या कलावंतिणीचे शोषण सर्वाधिक झाले, तिला या नव्या मंचावर जागा मिळाली नाही.

समूहाची अशी कला इतरत्रही आढळते. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या लोकांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'चिकानो' हा शब्द १९६०च्या दशकात तेथील तरुणांनी अभिमानाने स्वतःस लावला. १९६५ साली कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप सुरू झाला. सीझर चावेझ हे त्याचे एक प्रमुख नेते. याच संपात लुईस वाल्डेझ यांनी 'एल तिआत्रो कँपेसिनो', म्हणजे शेतमजुरांची नाटकमंडळी, उभी केली. ट्रकचा उघडा हौदा हाच रंगमंच आणि मजूर हेच नट. 'मालक', 'संपकरी', 'संपफोड्या' अशा पाट्या गळ्यात अडकवून ते छोटी प्रहसने करीत. सॅन दिएगो शहरात रस्ता आणि पुलाच्या बांधकामाने चिकानो वस्ती दुभंगली होती. त्या पुलाखाली उद्यान होण्याऐवजी पोलीस ठाणे बांधले जात असल्याचे दिसताच २२ एप्रिल १९७० रोजी लोकांनी जागेचा ताबा घेतला. १९७३पासून पुलाच्या खांबांवर त्यांनी आपला इतिहास चितारला. तो 'चिकानो पार्क' आजही आहे.

जलसाकारांना चिकानोंची वा चिकानोंना जलशाची माहिती असण्याचे कारण नव्हते. साम्य आले ते परिस्थितीतून : प्रेक्षक निरक्षर किंवा अल्पशिक्षित, हाती पैसा नाही, आणि सांगायचे ते आजच सांगायचे. भेद मात्र मोठा आहे. खांबावरचे चित्र राहिले. कंठातला जलसा सादरीकरणाबरोबर विरला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गात राहिले. त्यांच्या गीतांच्या अखेरीस येणारी 'वामन' ही नाममुद्रा, संतांच्या अभंगांप्रमाणेच, कर्तृत्वाची एकमेव खूण ठरते. गायकाने शेवटचे कडवे गाळले की कवीही गळाला.

हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना दूरचा वाटू नये. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. तेथे नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. अशा वास्तूत पोशाख, दागिने, चित्रे जपता येतात. पण होळीला तांड्यात गायली जाणारी लेंगी गाणारे आणि प्रतिसाद देणारे यांच्यामध्येच जिवंत असते. ती काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतील भीमगीतांचीही गोष्ट हीच. तयार ध्वनिमुद्रणावर नाचणारी गर्दी आणि धृपद उचलून धरणारा समूह यांत फरक आहे.

स्वाध्याय : आपल्या गावातील किंवा तांड्यातील एखाद्या वृद्ध गायक वा गायिकेकडून, त्यांची परवानगी घेऊन, एक भीमगीत किंवा लेंगी ऐकून उतरवून घ्या. लेंगी असल्यास मूळ गोरबोली शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहा आणि अर्थ निराळा द्या. गीत कोठे, कोणत्या प्रसंगी, कोणासमोर गायले जाई, धृपद कोण धरी आणि शेवटच्या कडव्यात नाममुद्रा आहे का, हे नोंदवा. ऐकताना शब्द बदललेले आढळले तर ते दुरुस्त करू नका.